नियम ज्याचा त्याचा

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस जरा गोंधळतो. इथे दोन ऑटिस्टिक (स्वमग्न) माणसं राहतात, मी आणि माझा मुलगा, आणि आम्हाला सगळं जिथल्या तिथे लागतं, एवढं त्याच्या कानावर आलेलं असतं. त्यामुळे चकचकीत, रिकामं, सुरकुती नसलेलं घर बघायच्या तयारीने तो येतो. प्रत्यक्षात माझ्या टेबलावर कागदांचे ढीग असतात, खुर्चीच्या पाठीवर कपडे असतात आणि मुलाच्या खोलीत जमिनीभर वायरी, स्क्रू आणि पोट फाडलेली यंत्रं पसरलेली असतात. "अरे, हे तर आमच्यासारखंच!" असं म्हणून पाहुणा सैलावतो आणि बोलता बोलता टेबलावरचा पेनांचा डबा उजवीकडून डावीकडे सरकवतो. त्या क्षणी घरातल्या तिसऱ्या माणसाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, चेहरा बघण्यासारखा होतो.

आवरलेलं घर बघणाऱ्याला सुखावतं. मला जो क्रम लागतो तो बघणाऱ्याला बहुतेक वेळा दिसतही नाही. टेबलावरच्या ढिगात वर या महिन्याची बिलं, त्याखाली मुलाच्या कॉलेजचे कागद आणि तळाशी उघडायचं धाडस न झालेले लिफाफे, असा त्याचा हिशेब आहे. सासूबाईंनी एकदा मायेने ते टेबल आवरून ठेवलं. कागद आकारानुसार लावलेले, कडा जुळवलेल्या, वर वजन म्हणून एक छानसा दगड. देखणं काम होतं. एकही कागद हरवला नव्हता, पण मला त्या टेबलाशी बरेच दिवस बसवेना. त्यांना मी काही बोलले नाही. त्यांच्या परीने त्यांनी मदतच केली होती, आणि दगड मी अजून वापरते.

ऑटिझमवरचा पहिला गाजलेला शोधनिबंध 1943 चा आहे. अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी त्यात 11 मुलांची निरीक्षणं लिहिली. त्यातली ठोकळ्यांची गोष्ट मला फार जवळची वाटते. या मुलांनी ठोकळे, मणी, काड्या एकदा कशाही मांडल्या की पुढच्या वेळी त्या तशाच्या तशा मांडल्या जात. त्या मांडणीत नक्षी नसायची, आकृती नसायची. बघणाऱ्याला तो पसाराच वाटला असता. पण मध्ये काही दिवस गेले तरी तोच रंग वर, तेच चित्र त्याच दिशेला. एखादा ठोकळा कमी असला किंवा एक जास्तीचा आला तर लगेच लक्षात यायचं, आणि जो नाही तो आणून द्या म्हणून हट्ट सुरू व्हायचा. म्हणजे सुबकतेशी या सगळ्याचा संबंध नाही हे तेव्हाच नोंदलं गेलं होतं. तरी आजही ऑटिस्टिक माणूस म्हटलं की लोकांना एका रेषेत लावलेल्या खेळण्यातल्या मोटारीच आठवतात.

त्याच निबंधात जॉन नावाचा मुलगा आहे. घर बदलायचं होतं. सामान न्यायला आलेली माणसं त्याच्या खोलीतला गालिचा गुंडाळताना दिसली आणि तो सैरभैर झाला. नव्या घरात आपलं फर्निचर पूर्वीसारखंच लावलेलं दिसेपर्यंत त्याची घालमेल चालूच होती. ते दिसलं आणि चिंता एकदम गेली. मग तो फिरत फिरत एकेका वस्तूला प्रेमाने थोपटत सुटला. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण प्रवासाहून परत आल्यावर मीही स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेवरून हात फिरवते. कोणी बघत नसेल तर कपाटालाही थोपटते.

पण कॅनर यांच्या ज्या वाक्याचं मला सगळ्यात जास्त मोल वाटतं, ते नेहमी अर्धंच सांगितलं जातं. ही मुलं सगळं तसंच राहावं या चिंतातुर आग्रहाने बांधलेली असतात, हा पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ आहे. पुढे त्यांनी असं म्हटलं आहे की हा तसेपणा क्वचित कधी मोडला तर तो फक्त ते मूलच मोडू शकतं, दुसरं कोणी नाही.

हा दुसरा अर्धा भाग विसरल्यामुळे घराघरांत किती भांडणं होतात! "स्वतः खोली उलटीपालटी करते तेव्हा चालतं, आम्ही उशी हलवली की आकांडतांडव," हे मी लहानपणापासून ऐकत आले. ऐकणाऱ्याला तो ढोंगीपणाच वाटणार. मला खरोखरच कधी कधी एका दुपारी अख्ख्या खोलीची मांडणी बदलायची लहर येते. पलंग ओढायचा, कपाट फिरवायचं, धूळ खायची, आणि रात्री त्या नव्या खोलीत गाढ झोपायचं. कारण तो बदल आधी डोक्यात घडलेला असतो. पलंग कुठे जाणार, रात्री पाणी प्यायला उठले तर हात कुठे लागणार, हे सगळं दोन-चार दिवस मनात फिरवून झालेलं असतं. उशी दुसऱ्याने हलवली की बदल आधी समोर येतो आणि डोकं मागून धापा टाकत येतं.

असं का होत असावं, याची एक मांडणी मला पटते. लिझ पेलिकॅनो आणि डेव्हिड बर या संशोधकांनी ती 2012 मध्ये केली. मेंदू डोळ्या-कानांवर पडणारं सगळं कोरंच्या कोरं वाचत बसत नाही. आधीच्या अनुभवावरून अंदाज बांधतो आणि समोरचं त्या अंदाजाशी ताडून बघतो. बहुतेकांचा अंदाज इतका भक्कम असतो की खोलीतली खुर्ची वीतभर सरकली तरी त्यांना ती जाणवत नाही. ऑटिस्टिक मेंदूत या पूर्वअंदाजांचं वजन कमी पडत असावं, त्यामुळे समोरचं जग जास्त खरं, जास्त बारकाईने, दरवेळी नव्याने अंगावर येत असावं, असं त्यांचं म्हणणं. यावर वाद आहेत, वेगळ्या मांडण्याही आहेत. पण मला त्यातून एवढं कळलं की वस्तू जागच्या जागी असणं हे माझ्यासाठी आधीच करून ठेवलेलं काम आहे. जगातल्या आवाजांना, प्रकाशाला, माणसांच्या चेहऱ्यांना तोंड देऊन घरी आल्यावर निदान या चार भिंतींत तरी मला अंदाज बांधत बसावं लागू नये.

आवाज आणि प्रकाश उगाच नाही लिहिले. निदानाच्या अमेरिकी निकषांमध्ये संवेदनांच्या या तीव्रतेला, किंवा उलट तिच्या बधिरपणाला, 2013 साली जागा मिळाली. त्याआधी ऑटिस्टिक माणसं ते सांगत होतीच. आमच्या घरातले निम्मे नियम तिथूनच आले आहेत. ड्रॉवर कंबरेने ढकलून बंद करायचा नाही. भांड्यावर भांडं घासत ठेवायचं नाही. छतावरचा पांढरा दिवा फक्त काही शोधायचं असेल तेव्हा. एरवी कोपऱ्यातला पिवळा.

उरलेले निम्मे नियम विसरभोळेपणाचे. बाहेरून आल्यावर आधी किल्ल्या वाडग्यात, मग चपला काढायच्या. उलट नाही. आधी चपला काढल्या तर एका हातात किल्ल्या तशाच राहतात, तो हात वाकताना टेकायला काहीतरी शोधतो, आणि किल्ल्या शू-रॅकवर, खिडकीत, एकदा तर वॉशिंग मशीनवर मुक्कामाला जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शोधताना माझा दिवसभराचा दारूगोळा संपतो. जेवणाचंही तसंच. भूक लागल्याचं मला वेळेवर कळत नाही. शरीराच्या आतून येणाऱ्या खुणा पुष्कळ ऑटिस्टिक माणसांना अशाच पुसट कळतात. मला कळते ती चिडचिड, आणि तीही घरच्यांना आधी कळते. म्हणून मी घड्याळ बघून जेवते, भूक असो वा नसो. "अगं, अर्धा तास इकडे तिकडे झालं तर काय बिघडतं?" असं विचारणाऱ्याला या नियमामागचं बिघडलेलं दिसत नाही, कारण नियम असल्यामुळे ते बिघडायचं राहिलेलं असतं.

इथे कोणीतरी हमखास ओसीडीचं, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती करायला लावणाऱ्या मानसिक आजाराचं, नाव काढतं. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण सारखे नाहीत. ओसीडीतला विचार बहुधा नको असताना येऊन छळतो आणि कृती केली तरी सुटका क्षणभरच मिळते. माझ्या किल्ल्या वाडग्यात पडल्याचा आवाज मला आवडतो. एवढ्यावर हा विषय पुरे.

मुलगा लहान असताना त्याचं निदान झालं. माझं नंतर, त्याच्या निदानाचे कागद वाचता वाचता. तेव्हा एका समुपदेशकांनी आम्हाला सल्ला दिला होता: मूल ताठर होऊ नये म्हणून रोज घरातली एक वस्तू मुद्दाम हलवा, त्याला सवय होईल. आम्ही तो सल्ला ऐकून घेतला आणि तिथे परत गेलो नाही. आतून मला त्या हलणाऱ्या वस्तू माहीत होत्या. रोज एक वस्तू हलणाऱ्या घरात मूल लवचीक होत नाही, ते पहारा द्यायला शिकतं. सकाळी उठल्यावर आधी सगळ्या खोल्यांतून फिरून आज काय हललंय ते शोधायचं, यात त्याचा दिवस जायचा.

नियम कधी वाढतात याच्याकडे मात्र आम्ही लक्ष ठेवतो. तो दहावीत असताना त्याला दाराची कडी तीनदा तपासावी लागायला लागली, मग बूट एका ठरावीक फरशीवरच लागायला लागले, मग जेवताना कोणी उठलं की पहिल्यापासून सुरुवात. आमच्या घरात नियमांना असा ताप चढला की नियमांशी भांडायचं नाही, कारण शोधायचं, हे ठरलेलं आहे. कारण वर्गात निघालं: बसायच्या जागा दर आठवड्याला बदलत होत्या आणि कुठली जागा येणार ते आयत्या वेळी कळायचं. यादी आधी मिळायला लागली आणि कडी एकदा तपासून भागायला लागलं. बूट अजून त्याच फरशीवर असतात. असू देत.

आता आमची खरी पंचाईत. ऑटिस्टिक माणसाला समजून घ्या, त्याचे नियम पाळा, असं म्हणणारे लेख पुष्कळ असतात. एका घरात दोन ऑटिस्टिक माणसं असली आणि त्यांचे नियम एकमेकांच्या मुळावर उठले तर काय करायचं, हे त्यात नसतं. मला दारं बंद लागतात. उघड्या दारातून पलीकडच्या खोलीचा प्रकाश, पंख्याचा आवाज, कोणाची तरी हालचाल असं सगळं माझ्या खोलीत शिरतं. मुलाला दारं उघडी लागतात, कारण बंद दारामागे काय चाललंय ते कळत नाही आणि दार अचानक उघडलं की तो दचकतो. मला शांतता लागते. तो विचार करताना गुणगुणतो, एकच ओळ, तासन् तास. त्याला ते गुणगुणणं थांबवायला सांगणं म्हणजे विचार थांबवायला सांगणं.

आई म्हणून माझ्या हातात सत्ता होती. "घर माझं आहे" हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, कारण मी ते लहानपणी भरपूर ऐकलं होतं. पण दुसऱ्याच्या नियमात मुकाट राहणं काय असतं ते मला माहीत होतं. नियम त्याचाही आणि माझाही. दोघांच्याही नियमाला कारण आहे. मग कारणांशी बोलू या, असं ठरलं. दारावर आम्ही एका रविवारी जी चर्चा केली ती कुठल्याही करारात शोभली असती. त्याला खरं म्हणजे दार उघडं नको होतं, ते उघडणार हे आधी कळायला हवं होतं. मला दार बंद नको होतं, प्रकाशाची तिरीप डोळ्यांवर नको होती. तो मोजपट्टी घेऊन आला. दार किती उघडं असलं की तिरीप माझ्या टेबलापर्यंत येत नाही ते त्याने संध्याकाळचा दिवा लावून मोजलं आणि फरशीवर चिकटपट्टीची एक छोटी निळी खूण केली. दार त्या खुणेपर्यंत. आत येणाऱ्याने आधी दोन टकटक. गुणगुणण्यावर मात्र तोडगा निघाला नाही. मी कानात बोळे घालते. तो म्हणतो, "आई, तू बोळे घातलेस की मला जरा अपराधी वाटतं." मी म्हणते, वाटू दे.

लेखी यादी हा आमच्या घरातला मोठा आधार आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात 1972 पासून चालू असलेल्या टीच या कार्यक्रमाने ऑटिस्टिक मुलांसाठी चित्रांच्या वेळापत्रकांचा पुष्कळ वापर केला. पुढे ती पद्धत जगभर पसरली. दिवसातली कामं एकाखाली एक लावायची, झालेलं काम काढून ठेवायचं. मुलगा लहान असताना आमच्याही भिंतीवर असा फळा होता. त्यातलं एक केशरी कार्ड माझ्या विशेष आवडीचं. त्यावर फक्त प्रश्नचिन्ह होतं. दुपारी काहीतरी ठरल्यापेक्षा वेगळं होणार आहे, काय ते अजून माहीत नाही, पण ते दुपारी होणार आणि त्यानंतर नेहमीची आंघोळ आहेच, एवढं त्या कार्डाने कळायचं. सुरुवातीला ते लावलं की तो भिंतीला पाठ लावून बसायचा. आम्ही बहुतेक वेळा त्यामागे काहीतरी छान ठेवायचो. पुढे पुढे तो स्वतःच ते कार्ड फळ्यावर कुठेतरी लावून ठेवायला लागला आणि आम्ही काय करतो ते बघत बसायचा. समुपदेशकांना हवी असलेली लवचिकता ती हीच असावी, फक्त कार्ड त्याच्या हातात होतं.

नवऱ्याबद्दल लिहायला हवं, कारण दोन माणसांच्या नियमांच्या मध्ये राहणारा तिसरा माणूस अशा लेखांमध्ये कायम हसतमुख आणि समजूतदार असतो. माझा नवरा समजूतदार आहे, पण त्याच्याही डोक्यावर परिणाम होतो. एका संध्याकाळी तो म्हणाला, "मला माझ्या घरात एक ड्रॉवर जोरात आपटून बंद करायचाय." त्याचं बरोबर होतं. घरातल्या सगळ्यात सोशिक माणसावर सगळ्यांचे नियम येऊन पडतात, कारण त्याला ते झेपतात असं गृहीत धरलेलं असतं. तेव्हापासून मागच्या खोलीत कोणाचाच नियम चालत नाही. तिथे तो रेडिओ मोठ्याने लावतो, पांढरा दिवा दिवसाढवळ्या जळतो, वस्तू रोज जागा बदलतात. मी तिथे जात नाही. आणि एकमेकांच्या अंगावर येणारा नियम असेल तर तो मांडताना कारण सांगायचं, हे आम्ही तिघांनी मान्य केलं आहे. "मला असंच लागतं" हे आपल्या खोलीपुरतं पुरेसं कारण आहे. बैठकीच्या खोलीत नाही. तिथे माझे काही लाडके नियम या कसोटीवर पडलेही.

कॅनर यांच्या 11 मुलांमधला पहिला, डोनाल्ड. दुपारी झोपून उठल्यावर पलंगावरून उतरण्याआधी तो आईला सांगायचा, म्हण, "डॉन, तुला खाली उतरायचंय का?" आईने ते म्हटलं की सांगायचा, आता म्हण, "ठीक आहे." तेही म्हटलं की मग तो उतरायचा. आईने नाही म्हटलं तर रडणं, किंचाळणं, मानेच्या शिरा ताणल्या जाणं. असं मूल मोठं होऊन काय करणार, असं वाटेल. डोनाल्ड ट्रिपलेट 2023 मध्ये वारले, वयाच्या 89 व्या वर्षी. त्यांनी बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, रोज गोल्फ खेळले आणि एकट्याने पुष्कळ देश पाहिले. बहुतेक वेळा सहा दिवसांच्या वर घराबाहेर राहायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. सहाच का, हे त्यांना कोणी विचारलं असेल तर मला उत्तर वाचायला आवडेल.

मुलगा पुढच्या वर्षी हॉस्टेलला जाणार आहे. खोलीत त्याच्याबरोबर एक अनोळखी मुलगा असेल. त्याला द्यायला त्याने एक पानी यादी तयार केली आहे: कुठले नियम त्याच्यासाठी पक्के, कुठले वाटाघाटीला खुले, आणि शेवटी "तुझे नियम इथे लिही" म्हणून अर्धं पान कोरं. मी वाचून मत दिलं, जे मागितलं नव्हतं. चिकटपट्टी आणि मोजपट्टीचा मुद्दा पहिल्याच दिवशी काढू नकोस, आधी ओळख तर होऊ दे, असं माझं म्हणणं. आधी न सांगता नंतर सांगितलं तर तो त्या मुलासाठी अचानक झालेला बदल ठरेल, असं त्याचं. वाद चालू आहे. बाबाला मत विचारलं, तर तो मागच्या खोलीत रेडिओ लावून बसलाय.